सहा तारांची वाटणी

गिटार शिकू लागलेली कितीतरी मुले पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ते वाद्य भिंतीला टेकवून ठेवतात, आणि मग ते पुन्हा हाती घेत नाहीत. डाव्या हाताची बोटे सोलवटतात. दांडीच्या वरच्या टोकाशी, पहिल्या पडद्यावर, तार दाबता दाबली जात नाही. आणि जीव खाऊन दाबली तर स्वर किंचित चढा लागतो. शिक्षक म्हणतात, मेहनत कमी पडते. घरची माणसे म्हणतात, हौस फिटली. मुलगा आपल्या मनाशी ठरवून टाकतो की, हे वाद्य आपल्या हाताचे नव्हे. या तिन्ही निवाड्यांत एक उणीव सारखीच असते. वाद्याची साक्ष कोणी काढलेली नसते. ती काढली असती तर पुष्कळदा असे आढळून आले असते की दोष हाताचा नाही आणि कानाचाही नाही. तो दांडीच्या माथ्याशी बसविलेल्या, चार-साडेचार सेंटिमीटर लांबीच्या आणि तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या एका पट्टीचा आहे.

इंग्रजीत या पट्टीला नट म्हणतात. हा शब्द ऐकून मराठी माणसास एक तर रंगभूमी आठवते, नाही तर बोल्टावर फिरणारी चाकी. आणि या दोहोंशीही त्या पट्टीचा काही संबंध नाही. जर्मन भाषेत तिला जो शब्द आहे त्याचा अर्थ खोगीर असा होतो. परंतु परकी नावे धुंडाळीत बसण्याचे कारणच नाही, कारण आपल्या तंतुवाद्यांत हा अवयव फार पूर्वीपासून आहे आणि त्याला आपले असे नावही आहे. तंबोऱ्याच्या दांडीवर खुंट्यांच्या अलीकडे दोन पट्ट्या असतात. एकीला बारीक भोके असून तारा त्यांतून ओवून घेतात, ती तारगहन. दुसरीवर तारा टेकतात आणि तेथून पुढे मोकळ्या होतात, ती अटी. सतारीच्या अटीला मेरू असेही म्हणतात. गिटारीत तारांना आपापल्या जागी धरून ठेवणे आणि त्यांना टेका देणे ही दोन्ही कामे एकच पट्टी करते. म्हणून तिला येथे अटी म्हटले तर वावगे होणार नाही.

या अटीचे काम वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटते. मोकळी तार छेडली की ती अटी आणि घोडी या दोन टेकूंच्या दरम्यान कंप पावते. पडद्यावर बोट ठेवले की अटीची जागा पडदा घेतो आणि अटी जणू रजेवर जाते. परंतु ही रजा नावापुरतीच असते. गिटारीचे पडदे सतारीच्या पडद्यांप्रमाणे सरकविता येत नाहीत. ते फळीत कायमचे ठोकलेले असतात आणि त्यांच्या जागा अटीच्या पुढच्या कडेपासून गणिताने ठरविलेल्या असतात. फेंडर धाटणीच्या गिटारीत अटीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने पहिला पडदा अटीपासून ३६.४ मिलिमीटरांवर येतो. अटीची कड अर्धा मिलिमीटर जरी मागेपुढे झाली तरी ते सारे गणित मुळातच चुकते. अटी उंच राहिली तर पहिल्या तीन-चार पडद्यांवर तार अधिक ताणली जाते आणि स्वर चढतो. ठेंगणी झाली तर मोकळी तार पहिल्या पडद्यावर आपटून खडखडते. आणि तारांमधील अंतरे चुकली तर एका तारेवर ठेवलेले बोट शेजारच्या तारेचा गळा दाबते.

लाकडी पोटाच्या गिटारीपेक्षा इलेक्ट्रिक गिटारीत हे दोष अधिक उघडे पडतात. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे बसवून हे वाद्य विजेवर बोलते करण्यात आले. १९५० नंतर फेंडर आणि गिब्सन या कंपन्यांनी भरीव लाकडाच्या गिटारी मोठ्या प्रमाणावर बाजारात आणल्या. १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली. आवाजाचा मोठेपणा यंत्राकडे सोपविल्यामुळे तारा पातळ आणि फळीच्या अगदी जवळ ठेवणे शक्य झाले. जेथे तार आणि पडदा यांतील अंतर मुळातच केसाएवढे, तेथे केसाची चूकही मोठी ठरते.

जबलपूरसारख्या शहरात हे काम कोणाकडे न्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे. केवळ गिटारीचेच काम करणारा कारागीर मुंबई-कोलकात्याकडे भेटतो. जबलपुरात अशी तडकलेली अटी बहुधा हार्मोनियम आणि सतार दुरुस्त करणाऱ्या एखाद्या वृद्ध कारागिराच्या पुढ्यात येते, किंवा ज्याची गिटार त्याच्याच हातावर येऊन पडते. दुकानातून तयार प्लॅस्टिकची अटी आणून चिकटविली की काम झाले, असा सर्वसाधारण समज असतो. तयार अटीच्या खाचा कोणत्या दांडीसाठी, किती जाडीच्या तारांसाठी पाडलेल्या आहेत, हे कोणी विचारीत नाही. वस्तुतः तयार अटी म्हणजे तयार कपड्यासारखी: अंगाला बसली तर नशीब.

परंतु जबलपूरला या बाबतीत गरीब म्हणणे बरोबर होणार नाही. हे शहर कानशीचे आणि मापाचे आहे. येथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. इंचाच्या सहस्रांशाने विचार करणारी माणसे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत. गिटारीच्या अटीस जे कौशल्य लागते ते हेच: सुईसारखी बारीक कानस सरळ चालविणे, आणि थांबावयाचे कोठे हे ओळखणे. पातळ पात्यांचा जो मापसंच मोटारीच्या स्पार्क प्लगची फट मोजण्यासाठी कारागिराच्या खिशात असतो, तोच येथे उपयोगी पडतो. गॅस वेल्डिंगच्या नळीचे तोंड साफ करावयाच्या खरबरीत तारांचा जो लहानसा संच वेल्डरजवळ असतो, त्याच्या निरनिराळ्या जाडीच्या तारा खाचांचे तळ गोल करण्यासाठी परदेशांतील हौशी माणसेही वापरतात. खाचा पाडण्याच्या खास कानशी महाग असतात आणि सहजी मिळत नाहीत. या तारा कोपऱ्यावर मिळतात.

शस्त्रांची कारागिरी वाद्यांकडे वळल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेतही. मिरजेचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना पाणी देणारे, शस्त्रे पाजळणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, शस्त्रांचे दिवस सरत आले असता, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे आणि सतारी घडविण्यास आरंभ केला, आणि पंढरपूरच्या बाजूच्या भोपळ्यांपासून ज्या वाद्यांची निर्मिती झाली ती पुढे देशभर गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जबलपुराहून रेल्वेने कटनीमार्गे उत्तरेकडे गेले की मैहर लागते. तेथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी जो वाद्यवृंद उभारला, त्यात बंदुकीच्या नळ्या लांबीप्रमाणे कापून केलेले नलतरंग नावाचे वाद्य आहे. तलवार पाजळणारा हात अटी घासू शकतो आणि बंदुकीची नळी स्वर देऊ शकते; मग तोफगाड्याच्या कारखान्यात घडलेला हात गिटारीच्या अटीस परका का मानावा?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

जुनी अटी उपटून काढू नये. तिच्या कडेने रोगणाचा थर असतो. तो आधी धारदार पात्याने रेघ मारून तोडावा, नाही तर अटीबरोबर रोगणाचा आणि लाकडाचा कपचा निघतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. गिब्सन धाटणीत अटी फळीच्या टोकाला नुसती टेकलेली असते. तिला फळीच्या बाजूने लाकडाचा ठोकळा लावून शिराच्या दिशेने हलका ठोका दिला की ती सुटते. फेंडर धाटणीत ती खोबणीत बसलेली असते. तेथे ती लांबीच्या दिशेने सरकवावी लागते. अगदीच हटून बसली तर बारीक करवतीने तिच्या मधोमध लांबीभर चीर पाडून पकडीने दाबावी, म्हणजे ती आत मिटते. निघालेली अटी, तुटकी असली तरी, फेकून देऊ नये. पूर्वीची अंतरे काय होती याची ती साक्षीदार असते. मात्र साक्षीदार नेहमीच खरे बोलतो असे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

अटी कशाची करावी, यावर पुष्कळ वाद घातले जातात, आणि त्यांतील बराचसा भाग व्यर्थ आहे. पूर्वी आपल्याकडे हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांनी ते दिवस संपविले, आणि संपविले ते योग्यच झाले. उंटाच्या अथवा म्हशीच्या हाडाचा, चरबी पूर्णपणे काढलेला तुकडा हे आजही उत्तम साहित्य आहे. चांगले कठीण कृत्रिम पदार्थही मिळतात. पोकळ, मऊ प्लॅस्टिक तेवढे टाळावे. जबलपुरात राहणाऱ्या कोणास भेडाघाटच्या कोरीव कामाची आठवण होऊन तेथील पांढऱ्या दगडाची अटी करावी असे वाटले तर तो मोह आवरावा. संगजिरे नखानेही ओरखडते. पोलादी तारेखाली ते महिनाभर टिकावयाचे नाही.

हाडाचा तुकडा बसता करून घेतला, त्याचा तळ सपाट आणि कोपरे काटकोनात आणले, की मग त्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते ज्यासाठी हे सारे विवेचन आहे. सहा खाचा कोठे पाडावयाच्या?

दोन टोकांच्या खाचा आधी ठरतात. दांडी ४२ मिलिमीटर रुंद असेल तर पहिली आणि सहावी तार कडेपासून साडेतीन-साडेतीन मिलिमीटर आत घ्यावी. याहून कडेला गेल्या तर पहिली तार बोटाच्या ओढीबरोबर फळीवरून खाली घसरते. अशा रीतीने टोकाच्या दोन तारांच्या मध्यांत ३५ मिलिमीटर अंतर उरते. त्यात चार तारा आणखी बसवावयाच्या, म्हणजे पाच अंतरे पाडावयाची. पस्तीसाला पाचांनी भागले की सात. शाळकरी मुलगाही हे गणित तोंडी करील. आणि नेमके येथेच चुकेल.

कारण तारा सारख्या जाडीच्या नसतात. सर्वसाधारण वापरातील संचात सर्वांत पातळ तार इंचाच्या १० सहस्रांश, म्हणजे पाव मिलिमीटर, जाडीची असते. सर्वांत जाड तार ४६ सहस्रांश, म्हणजे सुमारे ११७ शतांश मिलिमीटर. मधल्या चार तारांच्या जाड्या १३, १७, २६ आणि ३६ सहस्रांश इंच. खाचांचे मध्य सात-सात मिलिमीटरांवर घेतले तर कागदावरील आखणी सुबक दिसते. परंतु बोटांना मध्य दिसत नाहीत. बोटांना लागते ती दोन तारांमधील मोकळी जागा. ती पहिल्या आणि दुसऱ्या तारेमध्ये ६.७१ मिलिमीटर भरते, आणि पाचव्या-सहाव्या तारांमध्ये ५.९६. म्हणजे पाऊण मिलिमीटराची तफावत. आणि तीही नेमक्या त्या बाजूला, जेथे तारा जाड आहेत आणि बोटाला आधीच अडचण आहे.

शेतांच्या वाटणीची प्रकरणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा घोटाळा ओळखीचा वाटेल. बांध अरुंद-रुंद असता अंतर बांधाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजले, तर कागदावर सर्व भावांना सारखी जमीन मिळते. पण ज्याच्या शेताला दोन्हीकडून रुंद बांध लागले त्याला नांगरावयाला कमी जमीन उरते. मोजणी चोख, नकाशा सुरेख, आणि तरीही एका भावावर अन्याय. गिटारीच्या अटीवर तारा हे बांध होत, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा ही शेते. पीक शेतात येते.

म्हणून तारांचे मध्य समान अंतरावर न घेता त्यांच्या कडांमधील मोकळ्या जागा समान घ्याव्या, हे बरे. त्याचा हिशेब अवघड नाही. ३५ मिलिमीटरांतून मधल्या चार तारांची पूर्ण जाडी आणि टोकाच्या दोन तारांची अर्धी-अर्धी जाडी वजा करावी. ही बेरीज सुमारे ३.०५ मिलिमीटर येते. उरलेल्या ३१.९५ ला पाचांनी भागले की प्रत्येक मोकळी जागा ६.३९ मिलिमीटर होते. त्याप्रमाणे तारांच्या मध्यांतील अंतरे पातळ बाजूकडून जाड बाजूकडे अशी पडतात: ६.६८, ६.७७, ६.९४, ७.१८ आणि ७.४३. बेरीज बरोबर ३५. परदेशांत वाद्यकारांसाठी एक पोलादी पट्टी मिळते. तिच्यावरील खुणा क्रमाक्रमाने रुंदावत जातात. आपल्या टोकाच्या दोन खुणांत बसतील अशा सहा खुणा तिच्यावर शोधावयाच्या आणि उतरून घ्यावयाच्या. ती पट्टी हे याच हिशेबाचे मूर्त रूप आहे.

पण अशा पट्टीवाचून काम अडत नाही. सहा मिलिमीटर आणि एकोणचाळीस शतांश हे माप पाव इंचाच्या अगदी जवळ आहे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. टोकाच्या दोन खाचा पाडून तारा चढवाव्या, मधल्या चार तारा अटीवर नुसत्या सैल ठेवाव्या, आणि पाव इंची ड्रिलचा गुळगुळीत दांडा दोन-दोन तारांच्या मधून फिरवून पाहावा. तो प्रत्येक ठिकाणी सारखाच, तारेला न ढकलता, जेमतेम निसटता जावा. जेथे अडतो तेथे तार सरकवावी. जेथे डुलतो तेथे जवळ आणावी. पाचही जागा जमल्या की टोकदार पेन्सिलीने खुणा कराव्या आणि मगच कानस हाती घ्यावी. मोठ्या कारखान्यांतून आलेल्या अनेक गिटारींत मध्यांचीच समानता आढळते, आणि त्यावर उत्तम वाजविणारे वादक आहेत. हात सवयीने कशालाही सरावतो. परंतु नवीन अटी करावयाचीच आहे, तर सरावाच्या भरवशावर वाकडी वाटणी का करावी?

खालच्या टोकाला, घोडीवर, हा आग्रह धरण्याचे कारण नाही. तेथे टोकाच्या तारांमधील अंतर ५० मिलिमीटरांच्या पुढे गेलेले असते आणि प्रत्येक तारेभोवती दहा मिलिमीटरांची ऐसपैस जागा असते. अर्ध्या-पाऊण मिलिमीटराचा फरक तेथे उजव्या हाताला कळतही नाही. शिवाय तेथील जागा घोडीच्या बांधणीने ठरलेल्या असतात. मात्र एक पाहून घ्यावे. अटीवरील सहा खाचांचा सबंध संच एका बाजूला सरकलेला नसावा. नाही तर तारा चुंबकांच्या डोक्यांवरून न जाता शेजारून जातात आणि एखादी तार इतरांपेक्षा दबक्या आवाजात बोलते.

खाचेची खोली हा दुसरा भाग, आणि अधीर माणसे येथे काम बिघडवितात. अंतर चुकले तर ते कळते तरी. खोली एकदा जास्त झाली की हाड पुन्हा वाढत नाही. खाच पाडण्यापूर्वी दांडी सरळ आहे की नाही हे पाहावे. इलेक्ट्रिक गिटारीच्या दांडीत एक पोलादी सळई असते आणि ती कमीजास्त आवळून दांडीचा बाक काढता येतो. तो बाक आधी काढावा. वाकड्या दांडीवर मापून पाडलेली खाच दांडी सरळ होताच खोटी पडते. मग पहिल्या पडद्याची उंची मोजावी. त्या उंचीएवढी मापसंचातील पाती एकावर एक रचावी, वर आणखी सुमारे पाव मिलिमीटराचे एक पाते ठेवावे, आणि ही थप्पी अटीला लागून फळीवर बसवावी. कानस तिला टेकली की थांबावयाचे. जाड तारांचा झोल मोठा, म्हणून त्यांच्यासाठी किंचित अधिक उंची राखावी.

यापुढची कसर डोळ्यांनी आणि कानांनी काढावयाची असते. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर ती किती उंच राहते ते उजेडात पाहावे. फट मुळीच नसेल तर खाच खोल झाली. कागदाच्या पानाएवढी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी आणि बोटाने टिचकी मारली असता बारीकसा आवाज देणारी फट असली की काम उतरले. या एका परीक्षेस अर्धे मिनिट लागते आणि हत्यार कोणतेच लागत नाही. गिटार शिकविणाऱ्या प्रत्येकाने नव्या विद्यार्थ्याच्या वाद्यावर ती पहिल्याच दिवशी करावी, म्हणजे सोलवटलेल्या बोटांपैकी काही तरी वाचतील.

खाचेचा तळ सपाट नसावा. तो तारेच्या गोलाईला जुळणारा आणि खुंट्यांच्या बाजूला उतरता असावा. तार अटी सोडते ती नेमकी पुढच्या कडेवर, हे महत्त्वाचे. तळाचा उंचवटा मध्ये किंवा मागे राहिला तर तार पुढच्या भागाला घासत कंप पावते आणि सतारीसारखा झणत्कार उठतो. येथे एक गंमत आहे. हाच घासता झणत्कार तंबोऱ्याच्या घोडीवर मुद्दाम साधतात. घोडीचा माथा नाजूकपणे घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नेमका आणतात, आणि त्याला जवारी म्हणतात. जवारी काढणारा कारागीर मानाचा. गिटारीच्या अटीवर तीच गोष्ट दोष ठरते. जबलपुरातील एखाद्या जुन्या मराठी घरात कोपऱ्यात आजोबांचा गवसणीतला तंबोरा आणि शेजारी नातवाची गिटार उभी असेल, तर एकाच खोलीत एकाच आवाजासाठी दोन निरनिराळे निवाडे नांदतात. पाश्चात्त्यांनाही या आवाजाची भुरळ पडली आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल या नावाने इलेक्ट्रिक सतार निघाली. तिच्यात हा झणत्कार घोडीच्या विशिष्ट घडणीने मुद्दाम आणलेला होता.

उंचीच्या बाबतीतही असेच आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांना स्पर्श न करता, पोलादी नळी तारांवरून सरकवीत वाजविण्याची जी हवाईयन पद्धत आहे, तिच्यात अटी मुद्दाम उंच करतात आणि साऱ्या तारा एका पातळीत आणतात. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच पद्धतीने गिटारीवर राग मांडले. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेने ती गिटार घरोघर पोहोचविली. पुढे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आली आणि त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा उंच अटी हा स्वतः होऊन दोष नव्हे. ती कोणाच्या हाती दिली आहे, यावर ते अवलंबून आहे. मांडीवरच्या वादनाची अटी बोटांनी तार दाबणाऱ्या नवशिक्याच्या गळ्यात पडली, तर मात्र त्याच्या नशिबी यातनाच.

सहाही खाचा झाल्या की अटीचा माथा घासून कमी करावा. जाड तारा अर्ध्या बुडतील आणि पातळ तारा जेमतेम पूर्ण बुडतील, इतकीच खाचांची खोली वर उरावी. खोल विहिरीत बसलेली तार अडकते; स्वर लावताना खुंटी फिरविली तरी ती हलत नाही, आणि मग एकाएकी टक्कन पुढे सरकून स्वर ओलांडते. दांडा दाबून स्वर हेलकाविण्याची सोय ज्या गिटारीत असते तिच्यात तर तार प्रत्येक वेळी खाचेतून पुढेमागे सरकते, आणि अडकणारी खाच वादकास मैफलीत तोंडघशी पाडते. मऊ शिशाची पेन्सिल खाचेच्या तळाशी दोनदा फिरविली की ती तार निसरडी होते. हा उपाय कवडीमोलाचा आहे, आणि तो मोठमोठे वादकही करतात. अटी खाली चिकटविताना डिंकाचे किंवा झटपट चिकटणाऱ्या द्रवाचे दोन थेंब पुरेत. ती तारांच्या दाबानेच बसलेली असते. अधिक चिकटविली तर पुढच्या खेपेस काढणाऱ्याचे शिव्याशाप लागतात.

हे काम कोणत्या दिवसांत करावे, यालाही जबलपुरात अर्थ आहे. मे महिन्यात येथील हवा अशी कोरडी होते की फळीचे लाकूड रुंदीत आकसते आणि पडद्यांची टोके कडेला बोटांना टोचू लागतात. जुलै-ऑगस्टात तेच लाकूड फुगते आणि दांडी आपला बाक बदलते. ऐन उन्हाळ्यात केसाच्या फटीवर पाडलेल्या खाचा पावसाळ्यात खडखडण्याचा संभव असतो. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा मधल्या अवस्थेत असते; तेव्हा अटी बसविणे चांगले. तोवर थांबणे शक्य नसेल तर खाचा किंचित उंच ठेवाव्या, वाद्य चार-आठ दिवस वाजू द्यावे, आणि मग शेवटचा हात फिरवावा. आणि इतके करूनही एखादी खाच खोल गेलीच, तर घासताना पडलेली हाडाची भुकटी, जी जाणता कारागीर कागदावर जमवून ठेवतो, ती खाचेत भरावी, वर झटपट चिकटणाऱ्या द्रवाचा एक थेंब सोडावा, रात्रभर वाळू द्यावी, आणि सकाळी त्या एकाच खाचेवर पुन्हा हलकी कानस धरावी.